डॉ. भोंबोल यांचे मानपत्र

दिनांक ११ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता, आमच्या बैकुंठहाट नगरपालिकेने आमदारांच्या सहीचे मानपत्र ‘या नावाचा डॉक्टर अस्तित्वात नाही’ असा शेरा मारून परत केले. ही नोंद मी तक्रार म्हणून करीत आहे.

ज्यांचे अस्तित्व नाकारले गेले, ते गृहस्थ गेली एकतीस वर्षे जुन्या बाजारात जिन्याखालच्या खोलीत रुग्ण तपासतात. हुगळीकाठच्या या गावात दुखणे कोणतेही असो, त्याचा उगम पोटात आहे असे रुग्णही मानतो आणि डॉक्टरही. हिवाळ्यात माकडटोपीतून केवळ चष्मा बाहेर ठेवून ते विचारतात, “काल काय खाल्लंस?” खोटे उत्तर त्यांना तत्काळ कळते, कारण मासळीबाजारात ते रुग्णाच्या मागेच उभे असतात.

तो बाजार आता पाडणार आहेत. नव्या इमारतीत डॉक्टरासाठी एकच खोली आहे आणि अर्जासोबत लोकप्रतिनिधीचे शिफारसवजा पत्र लागते. डॉक्टर स्वतः कोणाच्या दारी जाणारे नव्हेत. म्हणून तरुण संघाने त्यांचा सत्कार योजला, म्हणजे आमदारांच्या सहीचे मानपत्रच शिफारस म्हणून अर्जाला जोडता येईल. आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावे असतात, एक कागदावरचे व दुसरे घरच्यांच्या तोंडचे. डॉक्टरांचे हे दुसरे नाव, भोंबोल, साऱ्या गावाने उचलले. संघाचे सचिव मोंटू पाल यांच्या मसुद्यात ‘बैकुंठहाटचे प्राण, आमच्या विश्वासाचे डॉ. भोंबोल’ असे वाचून मी, गावचा शाळामास्तर, हरकत घेतली.

“मोंटू, सरकारी कागद आहे हा. खरं नाव घाल.”

“तुम्ही सांगा, मास्टरमोशाय. लगेच घालतो.”

ते नाव मलाही ठाऊक नव्हते.

“मग त्यांनाच विचार ना!”

“आणि सत्काराचा सुगावा लागू देऊ? टोपीसकट पळून जातील ते.”

आमदारांनी मसुदा वाचून डोळे पुसले व सही केली. लहानपणी त्यांची कावीळ भोंबोलकाकांनीच उतरवली होती. शाल, रसगुल्ल्यांचे मडके, टाळ्या, सर्व यथासांग पार पडले.

पुढे मोंटूने मानपत्र अर्जासोबत नगरपालिकेत दिले, तेव्हा कारकुनाने डॉक्टरांचा परवाना उघडला. त्यावर होते, ज्योतिरिंद्रनाथ शिकदार.

“हे कोण?” त्याने विचारले.

“अहो, आपले भोंबोलदा!” मोंटू म्हणाला.

“भोंबोलदांची ओळख मला नका करून देऊ, दादा. माझ्या मुलीचा टायफॉइड त्यांनीच बरा केला. या शिकदारांना मात्र मी ओळखत नाही.”

दुसरे पत्र मागावे, तर निवडणुकीची आचारसंहिता लागू झालेली; आमदार आता सहीला हात लावत नाहीत. त्याच खोलीसाठी शहरातल्या एका दंतवैद्याचा अर्ज आला आहे, आणि त्याला दुर्दैवाने सर्वत्र एकच नाव आहे.

डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझीच नाडी धरली. “रक्तदाब कशाला वाढवता, मास्टरमोशाय? नाही मिळाली खोली, तर दुर्गापूरला मुलाकडे जाईन. सूनबाई सगळं उकडून घालते. पोटाला बरं.”

ते हसले, पण त्या दिवशी प्रथमच त्यांनी मी काय खाल्ले ते विचारले नाही.

अखेर कार्यकारी अधिकाऱ्यांनी एक वाट दाखवली आहे. भोंबोल व शिकदार ही एकच व्यक्ती असल्याचे शंभर नागरिकांनी सहीनिशी लिहून दिल्यास मानपत्र ग्राह्य धरले जाईल. मुदत बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत. आजवर सह्या झाल्या आहेत तेवीस.

वाचकहो, ज्यांच्या ज्यांच्या पोटावर या माणसाने कधी बोटे वाजवून पाहिली असतील, त्यांनी बुधवारी पाचच्या आत नगरपालिकेत यावे आणि सही करावी. ओळखपत्र सोबत आणावे.