बिजागरीकडच्या खुंट्या

दार घासायला लागलं म्हणून आज सुताराला बोलावलं. त्याचा रंधा फिरला आणि कडुनिंबाचा कडवट वास घरभर पसरला. खुलताबादच्या आमच्या शेतातलं निंबाचं झाड वाऱ्यानं पडलं, तेव्हा वडिलांनी त्याच्या लाकडाचं हे दार हौसेनं स्वतः केलं होतं. फळी उलटी धरली गेली आणि कडीची दोन भोकं नेमकी बिजागरीच्या बाजूला पडली. दुसऱ्या दाराला लाकूडच उरलं नव्हतं. वडील तोंड पाडून बसले. आई म्हणाली, "भोकं पडलीत तर खुंट्या ठोका की! रोज तुमची टोपी हुडकून लई जीव जातो माझा." त्यांनी ठोकल्या. एकीवर टोपी, दुसरीवर आईची पिशवी. दार जोरात उघडलं की टोपी खाली पडायची. आता दोन्ही खुंट्या रिकाम्या आहेत. तरी दार उघडताना माझा एक हात आपसूक खुंटीवरची टोपी सांभाळायला जातो.