पासपोर्टला इस्त्री

पासपोर्टला इस्त्री करू नये, असं पासपोर्टवर कुठेही लिहिलेलं नाही. मी नंतर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासून पाहिलं. हरवला तर काय करायचं ते आहे, इस्त्रीचा उल्लेख नाही. त्यामुळे पुढे जे झालं, त्याचा सगळा दोष माझ्या माथी मारणं बरोबर नाही. (मीनलला हे पटलेलं नाही.)

मीनल म्हणजे माझी बायको. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि जळगावच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. दोघांचीही कामं लॅपटॉपवरची. ती परगावच्या मुलांना गणित शिकवते, मी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. (स्वतःच्या सोडून सगळ्यांच्या चुका मला पटकन सापडतात.) एके दिवशी भरताची वांगी भाजता भाजता ती म्हणाली, "अहो, हेच आपण मलेशियात बसून केलं तर?"

"भरीत?"

"काम हो! काम!"

तिनं सगळी माहिती काढून ठेवली होती. तिथे पेनांग नावाचं बेट आहे. आपला फ्लॅट भाड्यानं दिला की तिथलं भाडं सुटतं, खाणंपिणं आवाक्यात, चार पैसे मागे पडतात, आणि सुट्टी मिळाली की शेजारचे देश हिंडता येतात. पण खरं कारण वेगळंच होतं. मीनल शिंदखेड्याची. तिच्या लहानपणी पाणी म्हणजे टँकरमागे धावून भरायचं पाणी! तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं, की एकदा तरी अशा घरात राहायचं, जिथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. एवढंच. नवऱ्याकडे तिनं वीस वर्षांत दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी तर लगेच हो म्हणालो. मला लहानपणापासून एक खोड आहे, ती म्हणजे कुतूहल. 'असं केलं तर काय होईल?' हा प्रश्न पडला की मला राहवत नाही. त्यापायी आजवर एक रेडिओ, दोन मिक्सर आणि सासऱ्यांचं घड्याळ गेलं आहे.

मग काय! व्हिसाची मंजुरी आली, समुद्राकडे खिडकी असलेलं घर ठरलं, तिकिटं काढली, फ्लॅट भाडेकरूंच्या ताब्यात दिला. अकरा घरी निरोपाची जेवणं झाली. अकरा नारळ आणि अकरा टॉवेल-टोप्या मिळाल्या. आणि मुंबईला विमान पकडण्याआधी दोन दिवस आम्ही सगळ्या बॅगा घेऊन पिंपळनेरला अक्काकडे उतरलो.

अक्का माझी आत्या. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. तिच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. दर दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढल्याशिवाय त्या वहीत एक आकडा पडत नसे. आता यजमान नाहीत, दुकान नाही, पण सवय आहे. घरात नवं काहीही आलं, की अक्काचं बोट कुंकवात बुडालंच. तिच्या फ्रिजवर स्वस्तिक आहे, गॅसच्या शेगडीवर आहे, टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा आहे. (त्यानं आवाजाचं बटण चिकटतं, म्हणून बातम्या अख्ख्या गल्लीला ऐकू जातात.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंघोळी उरकून येतो तो काय, दोन्ही पासपोर्ट देवापुढे! माझ्या पासपोर्टला वरच्या बाजूनं एक टिकली लावलेली. मीनलचा मात्र नवा कोरा, तेव्हा त्याच्या आतल्या कोऱ्या पानावर ओल्या कुंकवाचं सुबक स्वस्तिक, वर चार अक्षता.

"अक्का! हे काय केलं?" मीनल किंचाळलीच.

"नवी वही कोरी ठेवतस का कोनी?" अक्का शांतपणे म्हणाली. "परदेशले चालनात ना? आते बठ्ठं चांगलं हुई."

मीनल पांढरी पडली. मी म्हणालो, "काळजी करू नकोस, मी बघतो." आमच्या घरात आजवर जेवढी नुकसानं झाली, त्या सगळ्यांची सुरुवात याच वाक्यानं झालेली आहे.

दुपारी दोघी शेजारी निरोप घ्यायला गेल्या आणि मी कामाला लागलो. आधी ओल्या कापसानं पुसलं. स्वस्तिक गेलं, पण अख्खं पान गुलाबी झालं. लिंबानं डाग निघतो हे मला माहीत होतं, म्हणून लिंबू चोळलं. डाग निघाला! त्याच्याबरोबर पानावरची छापील नक्षीही निघाली. शिवाय आता पुस्तक पाणी पिऊन टम्म फुगलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात अक्काची इस्त्री दिसली आणि डोक्यात तो जुना प्रश्न उगवला. 'हलकी इस्त्री फिरवली तर काय होईल?'

मला आता माहीत आहे काय होतं. आधी चर्र असा आवाज येतो. मग वास येतो. मग निळ्या कव्हराचा एक तुकडा इस्त्रीबरोबर वर उचलला जातो. आणि फोटोवरचं प्लास्टिक असं आक्रसतं, की फोटोतली बाई एका मिनिटात सत्तरीची होते.

दोघी परत आल्या. मीनलनं पासपोर्ट उघडला, स्वतःचं म्हातारपण पाहिलं आणि मटकन खाली बसली. "हे... हे कशानं झालं?"

त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "कुंकवाचं पाणी आत मुरलं बहुतेक!"

जळगावच्या एजंटला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, "काका, हे दाखवून विमानात सोडा, एसटीतसुद्धा चढू देणार नाहीत." तिकिटं बुडाली. फ्लॅटमध्ये भाडेकरू. पेनांगच्या घरमालकिणीला आणखी थांबायची विनंती केली, तर ती म्हणाली, दोन महिने थांबते, त्यापुढे समुद्राची खिडकी दुसऱ्या कुणाला देईन. जाणार कुठे? आम्ही अक्काकडेच राहिलो!

आता खरी पंचाईत सुरू झाली. मीनल अक्काशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. "वाढू?" "नको." "चहा?" "झाला." अक्का बिचारी अपराध्यासारखी घरात वावरायची. तिनं खापरावरचे मांडे केले, कळण्याची भाकरी केली, शेवेची तिखटजाळ भाजी केली. मीनल मान खाली घालून जेवायची आणि उठायची. एका सकाळी अक्कानं चहाचं भांडंच चढवलं नाही.

"अक्का, चहा?"

"तुम्ले करी देस. मनं सोडं. पोरीनं पुस्तक येई, तवय पिसू."

जी बाई दिवसातून सात वेळा चहा घेते, तिनं माझ्या इस्त्रीपायी चहा सोडला! मला तर घासच उतरेना. (खोटं कशाला बोलू, मांडे उतरत होते.)

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्यांदा मीनलला म्हणालो, "एक बोलायचंय." ती म्हणाली, "अक्कांची बाजू घेणार असाल तर नकोच." दुसऱ्यांदा अक्काकडे गेलो, तर तिनं माझ्या तोंडात गूळशेंगदाणे भरले. तिसऱ्यांदा दोघींना समोर बसवून घसा खाकरला, तर अक्काच विचारू लागली, "नित्या, त्या पेनांगमा ज्वारी भेटस का रे? तठला समुद्र खारटच शे का? मंग लोक पेतस काय?" अक्काचं कुतूहल पाहून मला कळलं, माझ्यात ते कुठून आलं. फरक एवढाच, की ती विचारून थांबते.

त्यातच एकदा आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होतो, तर मागून आवाज, "अरे, नितीनराव!" वळून पाहिलं, तर निरोपाच्या जेवणात पहिला टॉवेल देणारे जळगावचे नाना! नातेवाइकांकडे आले होते म्हणे.

"काय हो, पेनांग इतकं जवळ आहे होय?"

"नाही, म्हणजे... जरा कागदपत्रं..."

"असू द्या, असू द्या. टॉवेल परत नाही मागत!"

संध्याकाळपर्यंत अकराही घरी बातमी पोचली. शिवाय त्याच आठवड्यात अक्काच्या ठेवणीतल्या पांढऱ्या साडीवर इस्त्री करताना निळा, चिकट डाग पडला. "लाईट जास्त ई ऱ्हायनी वाटस," असं म्हणून अक्कानं साडी घडी करून ठेवली. मी छताकडे बघत बसलो.

शेवटी महिन्याभरानं पासपोर्ट ऑफिसची तारीख मिळाली. अक्का हट्टालाच पेटली, "मी येस. चूक मनी शे, मीच सायेबले सांगसू." तिघंही साक्रीवरून एसटीनं निघालो. वाटभर मीनल खिडकीबाहेर पाहत होती आणि अक्का मांडीवर पिशवी धरून काहीतरी पुटपुटत होती. साहेबांना काय सांगायचं, त्याची ती तयारी करत होती.

साहेबांनी मीनलचा पासपोर्ट हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. वास घेतला. तेवढ्यात अक्का हात जोडून पुढे झाली. "सायेब, मी अडाणी बाई. कुंकू मी लायं. या पोरीना काही दोष नही. तिले समुद्र देखना शे. मले काय दंड करना तो करा, पन तिले जाऊ द्या."

मीनलनं झटकन मान वळवून अक्काकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

साहेब हसले. "आजी, कुंकवानं काही होत नाही हो. हा बघा, यांचा पासपोर्ट. वर टिकली आहे, ठणठणीत आहे. आणि हा..." त्यांनी मीनलचा पासपोर्ट उजेडाकडे धरला. कव्हरवर एक त्रिकोण उमटला होता, पुढे टोकदार, मागे रुंद. "याला इस्त्री कोणी केली?"

दोन्ही बायकांनी एकदमच माझ्याकडे मान वळवली.

"मनी इस्तरीले काय चिटकेल व्हतं, ते आते समजनं!" अक्का म्हणाली.

आधी मीनलनं अक्काचा हात घट्ट धरला. मग साहेबांना म्हणाली, "कारणाच्या रकान्यात नवरा लिहिलं तर चालेल का?"

साहेब म्हणाले, "रकाना लहान आहे ताई."

बाहेर पडल्यावर मीनलनं टपरीवर दोन चहा सांगितले. एक तिला, एक अक्काला. "अक्का, घ्या. माझं चुकलं. महिनाभर तुमच्याशी मी कशी वागले!" अक्का म्हणाली, "पुस्तक येवाले वेळ शे अजून." मीनल म्हणाली, "तुम्ही सोडलात तो चहा याच्या पापाचा होता, तो यानं सोडावा." (वीस वर्षांत ती पहिल्यांदाच मला 'हा' म्हणाली.) अक्कानं चहा घेतला. माझा तेव्हापासून पुढचे चार आठवडे बंद होता.

पोलीस चौकशी झाली, नवा पासपोर्ट आला. घरमालकिणीनं दिलेल्या मुदतीला दोन दिवस उरले होते. निघायच्या सकाळी अक्का देवघरापासून लांब उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. "मी हात नही लावत आते." मीनलनं कुंकवाची डबी आणली, अक्काचं बोट धरून त्यात बुडवलं आणि पासपोर्टच्या कव्हरवर टेकवलं. "कोरी वही नेऊ का मी?" अक्का रडू लागली, मीनल रडू लागली, मलाही भरून आलं म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. तर दोघी एका सुरात ओरडल्या, "तुम्ही दाराबाहेर उभे राहा!" अक्का मला 'तुम्ही' म्हणाली, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

आता पेनांगला आहोत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. ज्वारी मिळते, अक्काला कळवलं आहे. समुद्र खारटच आहे, तेही चाखून पाहून कळवलं. तीन देश हिंडून झाले. पासपोर्ट मीनलकडे असतात, कुलुपात. या घरात घरमालकिणीनं सगळं दिलं होतं, पंखा, फ्रिज, भात शिजवायचं यंत्र. एक वस्तू मात्र मीनलनं पहिल्याच दिवशी तिला परत नेऊन दिली. त्यामुळे मी सध्या चुरगळलेल्या शर्टात जग बघतोय.