कावळ्याने फिरवलेला अँटेना

माझी बायको हॅम रेडिओवर लांबलांबच्या माणसांशी बोलायची आणि मी तिची शिडी धरायचो. केरळातले एक निवृत्त मास्तर तिला रोज दुपारी भेटायचे, अर्थात हवेतूनच. जुना अँटेना मोडला तेव्हा तिने इंदूरहून एक वापरलेला आणला: सुतळीने बांधलेली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मोळी. ती मोळी सोडायच्या आधीच बायको गेली.

वर्ष झालं. अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून तिची धाकटी बहीणच जेवायला येणार होती. माधव नगरच्या आमच्या गच्चीवर मोळी पाहून ती म्हणाली, "भावजी, हे भंगार द्या आता. काकघास कुठं ठेवणार?"

"नवमीपर्यंत थांब. मास्तरांचा आवाज आला नाही, तर दे भंगारात."

"लक्षात ठेवीन हं."

मी बायकोची पुस्तकं काढली. सर्वांत लांब नळ्या मागे, वायर लागते त्या मधे, आखूड पुढे. शाळेच्या फोटोसारख्या त्या उंचीने लावल्या. दोन-दोनच्या जोड्या जमल्या. सर्वांत लांब नळी मात्र एकटीच उरली. पुढे दोन दिवस मी गच्ची, माळा, पलंगाखाली असा हिंडलो. मग मेव्हणीकडे चहाला गेलो, तर जोडीदार नळी तिच्या बाल्कनीत साड्या वाळवत होती.

"ही तर कपड्यांची काठी आहे. ताईनेच दिलीय."

"काठीला टोकाशी स्क्रूची भोकं कशाला?"

"मला वाटलं, हवा खेळायला."

काठी मिळाली, पण टोमण्यासकट. "नवमीला साडी देणार, आणि वाळत घालायची काठी काढून नेणार."

नळ्या पॉलिश पेपरने घासल्या. टावर चौकातून नटबोल्ट आणले. "अंकल, इतने में तो नई डिश लग जाती," दुकानदार म्हणाला. फोनवरच्या होकायंत्राने दक्षिण धरून अँटेना उभा केला. शेजारच्या लोखंडी जिन्याने होकायंत्र भुलतं, हे काही मनात आलं नाही.

नवमीला रेडिओ गच्चीच्या दारात लावून ठेवला. त्यातून नुसती खरखर येत होती. पान ठेवलं. कावळा आला आणि थेट अँटेनाच्या टोकावर बसला. खाली काही येईना.

"इच्छा राहिली असेल काही," श्राद्धाला आलेले गुरुजी म्हणाले. त्यांना पुढे अजून तीन घरं होती.

मेव्हणीने हात जोडले. "ताई, भंगारात नाही देणार." कावळा ढिम्म. "बरं, काठीही परत नाही मागणार. भावजी दोरी आणून देतील."

कावळ्याने टोकाला लाथ मारून खाली झेप घेतली. क्लॅम्पचा नट मी नीट आवळलाच नव्हता. अँटेना हळूहळू फिरत गेला आणि खरखरीतून कोणीतरी इंग्रजीत आमच्या मध्य प्रदेशातल्या हवेची चौकशी करू लागलं. मास्तर. बायकोला रोज हाच प्रश्न असायचा.

कावळा खीर खात होता.

"दक्षिण इकडेच आहे," गुरुजी म्हणाले. "तुमचा फोन काय सांगत होता कोणास ठाऊक."

"ताईच ती," मेव्हणी डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही दाखवलेली दिशा तिला कधी पटली होती?"

रेडिओवर मास्तरांना उत्तर द्यायचा परवाना बायकोचा होता, माझा नव्हता. मी फक्त ऐकलं. मग अँटेना पुन्हा हलायच्या आत, सोवळ्यातच, पाना घेऊन शिडीवर चढलो. शिडी मेव्हणीने धरली.

"आवळा नीट," ती खालून म्हणाली. "आणि दोरी आजच आणा."