बारवेसाठी कासवं

तात्याबा मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, न्हावऱ्याचे. विचारल्याशिवाय काही करायचं नाही हा त्यांचा स्वभाव, आणि त्यापायी आम्ही सगळे कावलो होतो. तरुणपणी ते मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. वनखात्याच्या हद्दीत एक मेंढरू शिरलं की गार्ड अख्खा कळप अडकवून ठेवत. मेंढरं विकून ऊस लावला तरी ती धास्ती काही गेली नाही.

२००३ च्या दुष्काळात न्हावऱ्याच्या लोकांनी गावची जुनी बारव उपसली. झरे मोकळे झाले, पाणी आलं, पण थोड्याच दिवसांत ते हिरवं झालं आणि किडे वळवळायला लागले. आमच्याकडे विहिरीत कासवं सोडायची रीत आहे. मेलेलं-कुजलेलं सगळं ती खाऊन टाकतात. बारवेत एकही उरलं नव्हतं. आमच्या गावी, कासुर्डीला, आमच्या विहिरीत मात्र तीन होती, आणि ती विहीर हायवे रुंद करताना बुजवणार होते.

"दादा, पोत्यात घाल आन् यष्टीनं घेऊन जा," आई म्हणाली. कुणीही तेच केलं असतं. मामा वनखात्यात विचारायला गेले.

तिथं कळलं, कासव धरणं गुन्हा आहे आणि परवानगी नागपूरहून येते. मामांनी अर्ज दिला, खेटे घातले. साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगला. परवानगी आली नाही, डंपर आले. बरं, विचारल्यामुळे खात्याला कासवं माहीत झालेली. म्हणून मामांवर लक्ष ठेवायला सोपानराव गार्ड विहिरीवर हजर.

"धरायला बंदी, मग गाडायला कशी चालती?" मामांनी त्यांना विचारलं.

"गाडायचा अर्ज कुणी केलाच न्हाई, मामा. मी काय करू?"

मामांनी डोक्याचा पटका सोडला आणि कुणाला न विचारता विहिरीत उतरले. तिन्ही कासवं पटक्यात बांधून वर आले.

सोपानरावांनी पंचनामा केला, कासवं जप्त केली. जप्त प्राणी वाहत्या पाण्यात सोडायचा असा नियम, म्हणून आम्हाला घेऊन नदीवर गेले. पुण्याची सगळी घाण वाहून आणणारी आमची नदी, वर हातभर फेस. सोपानरावांनी पटक्याची गाठ सोडून तिन्ही कासवं त्यात सोडली.

कासवं फेसाखाली दिसेनाशी झाली तरी मामा काठावरून हलले नाहीत.

"साहेब," ते सोपानरावांना हळूच म्हणाले, "आमच्या बारवंचं पाणी हिरवं हाय, पर ग्वाड हाय हो."