ओळखा पाहू, काय गिळलंय!

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. अन्ननलिकेत अडकलेल्या वस्तू दुर्बिणीने काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. स्वारगेटजवळच्या माझ्या दवाखान्यात तेव्हा एक खेळ चालायचा. एक्स-रे दिव्यावर लावायचा आणि बाकावरच्या पेशंटांना विचारायचं, "ओळखा पाहू!" आज सांगतानाही मान खाली जाते.

एक निवृत्त मास्तर कवळी गिळून आले. "सूनबाईंना कळू देऊ नका," ते कुजबुजले.

"कवळी गिळल्याचं?"

"नाही हो, कवळी असल्याचं!"

मी हे त्यांच्यादेखत बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. मास्तर परत कधी आले नाहीत.

एका शाकाहारी गृहस्थांच्या घशात मटणाचं हाड. "कोबीच्या भाजीत होतं," म्हणाले. शेजारी बायको. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, काढलंत की माझ्याकडे द्या. कोबीवाल्याला दाखवते."

पुढे आयटी आली. एक इंजिनिअर पेनाचं टोपण गिळून, मोबाइल कानाला लावूनच आला. लाळ गिळता येत नव्हती, पण "येस सर, नो प्रॉब्लेम" स्पष्ट चालू होतं! भूल देताना म्हणतो, "दोन मिनिटं डॉक्टर, क्लायंट लाइनवर आहे!"

त्याच वर्षी येरवड्याहून एक बाई वर्षाच्या मुलीला घेऊन एकटीच आली. एक्स-रेत छोटी गोल चकती. मी सवयीने विचारलं, "ओळखा पाहू!" बाकावरून कोणीतरी ओरडलं, "झबल्याचं टिचबटण!" सगळे हसले. मी एक्स-रेकडेच बघत म्हणालो, "काय ताई, बटणं शिवता की खायला घालता?" ती पण हसली, मान डोलावली. मुलगी नुकतीच दूध प्यायली होती. बटणच आहे, पोट रिकामं होईपर्यंत थांबू, असं मी ठरवलं.

दोन तासांनी आमच्या सिस्टरांनी एक्स-रे पाहिला. "सर, कडेला दुहेरी रेघ आहे. हे बटण नाही, चपटा सेल आहे!"

सेल आतून जाळत जातो. धावत मुलीला आत घेतलं, सेल काढला. अन्ननलिका काळी पडली होती. मुलगी वाचली, पण पुढे कित्येक आठवडे नळीने दूध.

बाहेर येऊन मी आईवर ओरडलो, "सेल होता, सांगितलं का नाहीत?" ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सिस्टरांनी तेच कागदावर लिहून दिलं. तिने मूठ उघडली. आत कानाचं मशीन, सेलविना. आणि कानाचा डॉक्टर मी!

"हे दाखवणारच होते," ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "पण तुम्ही सगळे हसलात. मला वाटलं, काळजीचं काही नाही."