पाववाल्या बाईचं पान

पहिला घास हातात घेऊन सर थांबायचे. भिंतीकडे बघत विचारायचे, "ती जेवली असेल का हो?" मग जेवायचे.

दिल्लीत पहाडगंजात माझी खानावळ होती. येणारे सगळे सरकारी ऑफिसातले मराठी लोक. सर तेवढे कॉलेजात फ्रान्सचा इतिहास शिकवायचे. एकटा जीव. मी चौथी नापास, पण माझ्या आमटीला नाव ठेवलेलं मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. सरांचंही नाही.

'ती' म्हणजे पाववाली. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे लोक राजावर उठले, खायला पाव मिळेना. तेव्हा ही बाई भर बाजारात ओरडली, पोरं उपाशी आहेत म्हणून. शिपायांनी धरून नेली. कोर्टाच्या कागदात एवढंच. पुढे सुटली की मेली, कुठेच लिहिलेलं नाही.

सरांनी राजांवर जाडजूड पुस्तकं लिहिली, हारतुरे घेतले. पण सुट्टीत फ्रान्सला जायचे ते हिच्यासाठी. जेवणारे चिडवायचे, "काय सर, वहिनींचा पत्ता लागला?" सरही हसायचे. मी एकांतात विचारलं की ताट पुढे ओढायचे.

एका सर्वपित्रीला गच्चीवर पितरांची पानं मांडत होतो. म्हटलं, बाईचंही ठेवतो. सर ताठ झाले.

"मेल्याचा कागद आहे?"

"दोनशे वर्षं झाली, सर."

"कागद दाखवा, मग ठेवा."

मी कुणाला ऐकणारा नव्हे. पण त्यांचा चेहरा बघितला आणि पान उचललं. तुम्हीही उचललं असतं.

रिटायर झाले, नजर गेली, वाचणं संपलं. शेवटी इस्पितळात मी डबा नेला. मऊ भात भरवायला गेलो, तर तोंड मिटून घेतलं. "आधी ती," म्हणाले. त्याच रात्री गेले.

तेव्हापासून सर्वपित्रीला मी दोन पानं जास्त मांडतो. भटजी म्हणाले, ख्रिस्ती बाईचं पान असं मांडत नाहीत. म्हटलं, गच्ची माझी, भात माझा.

बाईच्या पानावर पाव ठेवतो. कावळा लगेच येतो, चट्टामट्टा करतो. सरांच्या पानाकडे मान वाकडी करून बघतो आणि उडून जातो. दर वर्षी हेच.

मी हात जोडून सांगतो, "सर, बाई जेवली. मी डोळ्यांनी बघितलं."

ऊन चढतं, भात वाळतो, पान तसंच. कागद मागत असणार.