देवळापासूनचं अंतर

कायदा मोडून श्रीमंत झालेले लोक मी पुष्कळ पाहिले, पण कायदा पाळता पाळता स्वतःचं वाटोळं करून घेतलेला माणूस एकच पाहिला, आणि तो कितीतरी वर्षं माझ्या शेजारी राहत होता. काका मूळचे नागपूरचे, पण न्यू जर्सीत मुरलेले. संध्याकाळी बाकीचे लोक क्रिकेट बघायचे आणि काका टाउनशिपच्या कौन्सिलच्या मीटिंगला जायचे. तिथे बहुधा नगरसेवक, क्लार्कबाई आणि काका एवढेच असत. एकदा मीटिंग कॅन्सल झाली तेव्हा क्लार्कबाईंनी फक्त काकांना फोन केला, कारण कळवण्यासारखं दुसरं कुणी नव्हतंच. गल्लीत कुणी कुंपण घालायला काढलं की काका उंचीचा नियम घेऊन दारात हजर. माझ्या घरामागच्या लाकडी डेकची एक पायरी नियमात बसत नव्हती, ती त्यांनी मला काढायला लावली आणि काढायला हातोडा घेऊन स्वतःच आले.

आमच्या मराठी मंडळाच्या हॉलचं देऊळ झालं तेही त्यांच्यामुळे. हॉल घेतल्यावर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं आणि कमिटीच्या तोंडचं पाणी पळालं. काकांनी नियम शोधून काढला. प्रार्थनास्थळाला टॅक्स माफ होता, मात्र तिथे खरोखर पूजा होत असली पाहिजे. मग कोपऱ्यात गणपती बसला. रोजची पूजा कोण करणार म्हटल्यावर सगळ्यांना एकदम आपापलं ऑफिस आठवलं. तेव्हा जन्मात देवाला हात न जोडलेले काका रोज सकाळी कामावर जाण्याआधी एकटेच आरती करू लागले. आवाज असा, की एवढे मोठे कान असल्याचा गणपतीलाही पश्चात्ताप होत असावा. "इन्स्पेक्टर कधीही येऊ शकतो," म्हणायचे. बर्फातसुद्धा त्यांची आरती चुकली नाही. इन्स्पेक्टर कधीच आला नाही.

पुढे कंपनीने काकांना घरी बसवलं. साठीच्या माणसाला नोकरी कोण देणार? केस रंगवून इंटरव्ह्यू देऊन झाले आणि शेवटी त्यांनी गांजाचं दुकान काढायचं ठरवलं. इकडे आता ते कायदेशीर आहे, पण राज्याचं लायसन्स मिळालं तरी गावाची संमती लागते. दुकान कुठे असावं, किती वाजता बंद व्हावं हे गाव ठरवतं आणि विक्रीवर आपला करही घेतं. इतके नियम दुसऱ्या कुठल्याच धंद्याला नाहीत, म्हणूनच कधी सुपारीचं खांडही न चघळलेल्या काकांना तो आवडला असावा. त्या करातून कुठकुठले खड्डे बुजतील याचा नकाशाच त्यांनी कौन्सिलपुढे ठेवला. नगरसेवक खूश झाले. अर्जाआधी जागा ताब्यात हवी होती, म्हणून काकांनी घरावर कर्ज काढून एक बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतलं. असं दुकान शाळा, पार्क आणि प्रार्थनास्थळ यांच्यापासून ठरावीक अंतरावर लागतं, म्हणून चाकाची काठी ढकलत शाळेपासूनचं आणि पार्कपासूनचं अंतर स्वतः मोजलं. मोजायचं राहिलं ते आमच्या हॉलपासूनचं, आणि नेमकं तेच कमी भरलं. गावाच्या दप्तरी ते देऊळ होतं, पण ज्याने ते देऊळ केलं त्याच्या मनात तो हॉलच होता.

त्यातूनही वाट होती. प्रार्थनास्थळाने हरकत नसल्याचं पत्र दिलं, तर गाव परवानगी देणार होतं. मंडळाची कमिटी बसली. आपली संस्कृती, आपली मुलं, सगळं बोलून झालं. ज्यांच्या बेसमेंटमधल्या पार्टीत गांजाच्या गमीज, म्हणजे जेलीच्या गोळ्या, चिवड्याच्या शेजारी मांडलेल्या मी पाहिल्या आहेत, ते सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्याबद्दल फुल रिस्पेक्ट आहे, पण देवळाजवळ गांजा कसा चालेल?" मी म्हटलं, गणपतीच्या वडिलांना चालतो. कुणी हसलं नाही. माझा हात सोडून बाकी सगळे हात विरोधात वर गेले. काका शांतपणे एवढंच म्हणाले, "काऊन रे, हे देऊळ केव्हापासून झालं?" त्या दिवसापासून त्या लोकांच्या पंगतीत मला घास गोड लागत नाही.

काकांचं घर विकावं लागलं. आता ते आणि काकू शेजारच्या गावात दोन खोल्यांत भाड्याने राहतात. त्याच गावात एका बड्या कंपनीने गांजाचं दुकान थाटलं. कर त्या गावाला मिळतो, रस्ते त्यांचे गुळगुळीत होतात, आणि आमची हद्द लागली की गाडीच्या धक्क्यांवरून कळतं. काका त्या दुकानाच्या दारात उभे राहून येणाऱ्यांचं वय तपासतात. एका शुक्रवारी मी त्यांना घ्यायला गेलो होतो, तर रांगेत आमचे सेक्रेटरी. काकांना पाहून ते मागे वळले. काकांनी हाक मारली, "या ना, इथून देऊळ लांब आहे." आणि ओळखपत्रासाठी हात पुढे केला. आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच मोजलेलं असणार.

गाडीत बसल्यावर मी चिडून विचारलं, अजून त्या हॉलवर रोज कशाला जाता? म्हणाले, "अरे, एक दिवस चुकला आणि नेमका इन्स्पेक्टर आला तर? मंडळाला भुर्दंड पडेल ना." मला रडूच आलं. परवा सकाळी हॉलवरून जाताना तो बेसूर आवाज ऐकू आला. पूर्वी मी गाडीची काच वर करायचो. परवा गाडी लावली, बूट काढले आणि आत जाऊन काकांच्या मागे उभा राहिलो. एका हातात तबक आणि दुसऱ्यात घंटी असली की माणसाला टाळ्या वाजवता येत नाहीत. इतकी वर्षं त्या आरतीला टाळ्याच नव्हत्या.